पडसे आणि आपले घरगुती उपाय

शिशिरात साचलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होऊन उसळतो, असे आयुर्वेद सांगतो. वसंतातील व्याख्यानासाठी पडशाचा विषय निवडण्यास एवढे निमित्त आम्हांस पुरेसे वाटले. परंतु भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या धानाच्या गावी पडसे काही ऋतूची वाट पाहत नाही. आषाढात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांना ते होते, आणि पौषाच्या थंडीत शाळेला निघालेल्या मुलांनाही होते. इतक्या ओळखीच्या दुखण्याविषयी नवे ते काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. पण घरच्या उपायांनी काय साधते व काय साधत नाही, हे नीट उमगले नाही तर हेच क्षुल्लक दुखणे तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम कारण पाहू. पावसात भिजल्याने पडसे होते, ही समजूत घरोघर आहे. थंडीचा त्याला थोडा हातभार लागत असेल. परंतु विषाणूवाचून पडसे होत नाही. हे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. एकाशी झुंजून शरीर तयार होते, तोच दुसरा येतो; म्हणून पडसे पुन्हा पुन्हा होते. शिंकेतून आणि नाक पुसलेल्या हातांतून ते पसरते. जीवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. तेव्हा साध्या पडशासाठी दुकानातून तशा गोळ्या आणून खाणे म्हणजे पैसा घालवणे तर आहेच, शिवाय खऱ्या गरजेच्या वेळी ते औषध निकामी करून ठेवणेही आहे.

मग आजीच्या काढ्याचे काय? तो पडसे हटवीत नाही. शरीर आपले काम करीत असता त्याला आराम देतो. साधारण सात ते दहा दिवसांत पडसे आपोआप ओसरते. तेवढे दिवस सुसह्य करणे हेच घरगुती उपायांचे खरे काम होय, आणि ते लहान नाही. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठात २००८ साली पडसे झालेल्यांना एकच फळांचे पेय गरम आणि साधे असे देऊन पाहिले. गरम पेयाने घशाची खवखव, खोकला, थकवा यांस ताबडतोब उतार वाटला. आले, तुळस, गवती चहा आणि मिरे उकळून गूळ घातलेला आपला काढा याच जातीचा आहे.

खाण्याच्या बाबतीत आपल्या धानाच्या मुलखास दूर जावे लागत नाही. तोंडाला चव नसते तेव्हा मीठ-जिरे घातलेली तांदळाची ऊन पेज किंवा लसणाची फोडणी दिलेले मुगाचे कढण सहज पोटात जाते, आणि त्याबरोबर शरीरास लागणारे पाणीही जाते. पेरू आणि आवळा सर्दीत वर्ज्य मानतात. वस्तुतः दोन्हींत ‘क’ जीवनसत्त्व विपुल आहे. त्याने पडसे टळत नाही. तरी फळ म्हणून ते खाण्यास हरकत नाही. दुधाने कफ वाढतो, हेही प्रयोगांत दिसून आलेले नाही. एक वर्षावरील मुलास निजताना चमचाभर मध दिल्यास रात्रीचा खोकला कमी होतो. वर्षाच्या आतील मुलास मात्र मध मुळीच देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. कुंपणाच्या अडुळशाचे तर नवल वाटावे. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. तरी पाल्याचा रस किती द्यावा याला घरी माप नाही; म्हणून गरोदर बाईने व लहान मुलांनी तो घेऊ नये.

काही उपाय सोडूनच द्यावेत. तान्ह्याच्या नाकात तेल घातल्यास ते फुफ्फुसात उतरू शकते. त्याऐवजी दवाखान्यात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. उकळत्या पाण्याचे भांडे मुलापुढे ठेवून वाफ देऊ नये. त्यात भाजण्याचा धोका फार.

आता मुख्य गोष्ट. पडसे कोठे संपते आणि न्यूमोनिया कोठे सुरू होतो? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी याचे उत्तर गावकऱ्यांच्या हाती दिले. त्यांनी गावातीलच कार्यकर्त्यांना आणि सुईणींना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काम झालेल्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१, तर इतर गावांत १७.५ होते. निरक्षर सुईणींसाठी त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मण्यांचे एक साधन केले होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

आपल्या घरी घड्याळ आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, श्वास घेताना छाती खाली आत ओढली जाऊ लागली, अथवा मूल दूध पिईनासे झाले, तर काढा बाजूला ठेवावा, आशाताईंना हाक मारावी आणि त्याच घटकेला दवाखाना गाठावा. त्या वेळी पोटावर डाग देणे हा उपचार नव्हे, छळ आहे. येथे प्रतिजैविकच प्राण वाचविते; साध्या पडशात ते वाया घालवू नये, ते याचसाठी.

पेज, काढा आणि मायेचा हात यांना आम्ही उणे लेखीत नाही. त्यांच्या जोडीस ही मिनिटभराची मोजणी घरोघर आली, म्हणजे आजीचे शहाणपण पुरे झाले.