घोरणाऱ्याला हवेचा टेकू

घोरणे म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे समज आहे. पण घोरता घोरता श्वास दहा-दहा सेकंद थांबतो आणि माणूस दचकून पुन्हा श्वास घेतो, असे रात्रभर चालत असेल तर तो आजार होय. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू घटतो, रक्तदाब वाढतो आणि दिवसा ट्रॅक्टर चालवताना डुलकी लागते.

यावरचा ‘सीपॅप’ यंत्राचा उपाय सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. केळीला टेकू द्यावा, तशी मुखवट्यातून येणारी दाबाची हवा घसा उघडा धरते. टेकू काढला की घसा पुन्हा मिटतो. म्हणून यंत्र रोज लावावे लागते.

नेमके हेच कोणी समजावून न सांगितल्याने पुष्कळ रोगी यंत्र फडताळात ठेवून देतात. म्हणून आम्ही सुचवतो :

• यंत्रात खोलीतलीच हवा असते. तिला भिऊ नये.

• प्रथम दिवसा, जागेपणी मुखवटा लावून सवय करावी.

• हवा गळल्यास पट्टे करकचून आवळू नयेत. योग्य मापाचा मुखवटा मागावा.

• नाक कोरडे पडल्यास हवा दमट करणारे पाण्याचे भांडे जोडून घ्यावे.

• मुखवटा रोज सौम्य साबणाने धुवावा.

डॉक्टरांकडे जाताना घरच्या माणसाने सोबत जावे. रात्रीचे घोरणे त्यालाच ऐकू येते, आणि पहिल्या काही आठवड्यांत धीरही त्यानेच द्यायचा असतो.