बॉट्युलिझम

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याच्या विकाराला बॉट्युलिझम म्हणतात. बहुधा हे विष अन्नातच तयार झालेले असते. ‘बॉट्युलस’ म्हणजे सॉसेज (आतड्यात भरलेले मांस) या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावी डुकराचे खारवलेले मांस खाऊन वादकांचा ताफा आजारी पडला; त्या प्रसंगी एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जंतू वेगळा केला.

जंतूचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात व साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांच्या नाशासाठी दाबाखालील वाफेत १२१° से. तापमान सु. ३ मिनिटे लागते. तयार झालेले विष मात्र ८५° से. तापमानात ५ मिनिटांत निष्प्रभ होते. हवा नसलेले, ओलसर, कमी मीठ व कमी आम्लता असलेले अन्न मिळाले की बीजाणू रुजून विष तयार होते. पीएच मूल्य ४·६ पेक्षा कमी असल्यास ही वाढ होत नाही. नागपुरी संत्र्याचा रस किंवा लिंबाचे लोणचे या बाबतीत निर्धोक असते ते यामुळेच. पण रसाच्या बाटल्या उकळून टिकविण्याची हीच रीत मटार, मका, अळंबी किंवा मासे यांना लावणे घातक ठरते. असे अन्न दिसण्यात वा वासात नेहमीच बिघडलेले असते असे नाही; म्हणून ते चाखून पाहू नये.

भारतात हा विकार क्वचितच नोंदला जातो. ताजे शिजवून खाण्याची पद्धत हे त्याचे एक कारण असले, तरी निदानच न होणे हेही दुसरे कारण असावे. १९९६ मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थ्यांना विषबाधा झाली व त्यांपैकी तिघे दगावले. त्यांच्या खाण्यातील शेवेत क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा अशाच प्रकारचे विष निर्माण करणारा जंतू आढळला. बेसनाची शेव ही काही डबाबंद मांसासारखी वस्तू नव्हे. तेव्हा हा पाश्चात्त्यांचा रोग होय, ही समजूत सोडून द्यावयास हवी.

लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत सुरू होतात : पापण्या जड होणे, एकाची दोन दिसणे, तोंड कोरडे पडणे, गिळता न येणे. नंतर लुळेपणा वरून खाली पसरतो व श्वसनाचे स्नायू थकतात. ताप नसतो आणि शुद्ध कायम असते. विदर्भात पावसाळ्यात असा रुग्ण आला, की मण्यार चावल्याची शंका प्रथम येते व ती योग्यच आहे, कारण मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही. मात्र एकाच पंगतीतील दोघेतिघे असे आजारी असतील, तर अन्नाचा विचार तत्काळ करावा. सर्पदंशावरील लसीचा येथे उपयोग नाही.

प्रतिविष तंत्रिकांना चिकटलेले विष सोडवू शकत नाही, केवळ रक्तातील मोकळे विष निकामी करते. म्हणून रक्ताचा नमुना घेऊन, प्रयोगशाळेच्या निष्कर्षाची वाट न पाहता ते द्यावे लागते. कृत्रिम श्वसनयंत्राचा आधार काही आठवडे लागू शकतो.

एकच संशयित रुग्णदेखील सार्वजनिक आणीबाणी मानावी, कारण तेच अन्न इतर घरांत शिल्लक असू शकते. महानगरपालिकेच्या वा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे, सहभोजन केलेल्यांची यादी करून त्यांच्यावर लक्ष ठेवावे आणि उरलेले अन्न वेष्टनासह थंड जागी राखून तपासणीस द्यावे. प्रत्यक्षात घडते ते उलट : धास्तावलेले लोक पहिल्या तासातच अन्न फेकून भांडी घासून ठेवतात व पुरावा नाहीसा होतो.

अर्भकांतील प्रकार निराळा असून तो अमेरिकेत १९७६ मध्ये ओळखला गेला. त्यात बीजाणू बालकाच्या आतड्यात रुजून तेथेच विष निर्माण करतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे व मान न धरणे ही त्याची लक्षणे होत. मधात हे बीजाणू असू शकतात. आपल्याकडे नवजात बालकास मध चाटविण्याची व बाळगुटी मधात उगाळून देण्याची चाल आहे; एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध मुळीच देऊ नये.