मारुत: जोगे इंजिन न लाभलेले विमान

एचएफ-२४ ‘मारुत’ हे भारतात आखणी होऊन भारतातच बांधले गेलेले पहिले जेट लढाऊ विमान. दोन इंजिने, मागे कललेले पंख, एकच आसन आणि जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला हे मुख्य काम. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेले, बेंगळुरूच्या ‘हाल’ या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून. आज सर्जापूर रोडच्या बाजूला अधूनमधून लढाऊ विमानाची घरघर ऐकू येते, ती याच धावपट्टीवरची. मध्ये बेळ्ळंदूरचा तलाव, त्याच्या उत्तरेला कारखाना.

हा कारखाना उभा राहिला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या धडाडीतून, म्हैसूर संस्थानाच्या साथीने, डिसेंबर १९४० मध्ये. महायुद्धात तिथे विमानांची दुरुस्तीच जास्त झाली. स्वतःचे विमान आखण्याची विद्या आणली ती विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर भागातल्या हसूरचंपूचे घाटगे जर्मनीत गटिंगनला प्रांट्ल यांच्यासारख्या वायुगतिकीच्या आद्य आचार्यांकडे शिकले. त्यांच्या एचटी-२ या शिकाऊ विमानाने ५ ऑगस्ट १९५१ रोजी उड्डाण केले आणि वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर तयार झाल्या. मारुतची चर्चा नेहमी जर्मन अभियंत्यांपासून सुरू होते. त्यांच्या आधी घाटग्यांनी घडवलेली माणसे इथे होती, हे सांगितलेच पाहिजे.

जर्मन अभियंत्यांचे प्रमुख कुर्ट टँक १९५६ मध्ये बेंगळुरूत आले, ते अर्जेंटिनाहून. दुसऱ्या महायुद्धातल्या फोके-वुल्फ १९० चा हा निर्माता कोर्दोबाच्या सरकारी कारखान्यात ‘पुल्की-२’ हे जेट विमान करत होता. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांची सत्ता गेली आणि तो प्रकल्पही बारगळला. कोर्दोबाच्या त्याच कारखान्याने पुढे ‘पुकारा’ हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे हलके हल्ला विमान बनवले. ऑगस्ट १९६९ मध्ये ते प्रथम उडाले, १९८२ च्या फॉकलंड युद्धात लढले, आणि १९९३ मध्ये त्यातली चार श्रीलंकेने लिट्टेविरुद्ध लढण्यासाठी घेतली. पुकाराच्या पहिल्या नमुन्यावर अमेरिकन गॅरेट इंजिने होती. पुढच्यांवर फ्रेंच अस्ताझू बसवली आणि काम पुढे चालू राहिले. बाजारात जोगे इंजिन मिळाले की विमानाचे कसे निभावते, याचे हे उदाहरण. मारुतच्या नशिबी ते नव्हते.

वायुदलाची मागणी मोठी होती. ध्वनीच्या दुप्पट वेग, ६०,००० फुटांची उंची, ८०० किलोमीटरपर्यंत जाऊन परतण्याचा पल्ला. टँक यांनी घाई केली नाही. आधी पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर बांधले आणि १९५९ पासून डाकोटा विमानाच्या मागे दोराने ओढून आकाशात सोडून त्याचे वागणे तपासले. आकाराबद्दल खात्री पटली, पण त्या आकाराला शोभेल असा जोर कुठून आणायचा हे ठरलेले नव्हते. जादा जोर देणारा आफ्टरबर्नर असलेले ब्रिटिश ऑर्फियस-१२ इंजिन गृहीत धरून आखणी झाली होती. त्या इंजिनाचा विकास पुरा करायला पैसा हवा होता. ब्रिटनने हात आखडला, भारतानेही खर्च उचलला नाही. मग साधे ऑर्फियस-७०३ बसवले. प्रत्येकाचा जोर सुमारे २,२०० किलो, आणि आफ्टरबर्नर नाही. दुप्पट वेगासाठी आखलेले विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडकले.

तरीही ते सेवेत आले आणि नाव राखून गेले. एप्रिल १९६७ मध्ये १० क्रमांकाचे स्क्वॉड्रन मारुतवर उभे राहिले, १९६९ मध्ये २२० क्रमांकाचे आणि पुढे ३१ क्रमांकाचे. नाकात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा, पंखांखाली चार बॉम्ब, आणि पोटात ५० अग्निबाणांची पेटी. वैमानिकाने कळ दाबली की ती खाली सरकायची आणि मारा झाला की परत आत जायची. चारही तोफा एकदम झाडल्या की सारे विमान हादरायचे. हे दुखणे बरीच वर्षे पुरले.

डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात उत्तरलाई आणि जोधपूरहून मारुतांनी सिंधच्या वाळवंटात रणगाडे, रेल्वेगाड्या आणि ठाणी फोडली. लोंगेवालाच्या लढाईचे श्रेय मुख्यतः हंटर विमानांचे, पण त्या सबंध आघाडीवर मारुतांनी दोनशेहून अधिक उड्डाणे केली. ७ डिसेंबरला स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून एक पाकिस्तानी सेबर विमान पाडले. त्या युद्धात काही मारुत गेली. हवाई झुंजीत एकही नाही. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात एक इंजिन बंद पडूनही विमाने तळावर परतली. एकाने तर तसेच सुमारे २४० किलोमीटर अंतर कापले. हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली तरी निव्वळ हाताच्या जोरावर विमान सांभाळता येई. दोन इंजिने आणि भक्कम सांगाडा यांची किंमत त्या तेरा-चौदा दिवसांत वसूल झाली.

जोगे इंजिन मात्र मिळालेच नाही. इजिप्त एचए-३०० हे स्वतःचे लढाऊ विमान करत होता. भारताचे कपिल भार्गव यांनीच ते १९६४ मध्ये प्रथम उडवले. त्यासाठी तयार होणारे ई-३०० इंजिन १९६७ मध्ये एका मारुतवर, ऑर्फियसच्या जोडीला बसवून तपासले गेले. ते जमते असे वाटत असतानाच १९६९ मध्ये इजिप्तने आपला प्रकल्प गुंडाळला. सोव्हिएत आरडी-९ चाही विचार झाला आणि मागे पडला. अखेर ‘हाल’ने ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडायचे ठरवले. त्याच इंजिनाचे मारुत घेऊन १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास निघाले आणि उड्डाणानंतर लगेच विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. मारुतला आकाश दाखवणारा माणूस मारुतच्या इंजिनासाठी गेला. जुन्या मद्रास रोडपासून ‘हाल’च्या विमानतळाकडे येणारा रस्ता आज त्यांच्या नावाने आहे.

एकूण १४७ मारुत बनली, त्यात १८ दोन आसनांची. १९९० पर्यंत सारी सेवेतून गेली. सर्वांत मोठे नुकसान माणसांचे झाले: मारुतवर तयार झालेल्या आखणीकारांच्या हाती पुढचे लढाऊ विमान लगेच आलेच नाही, आणि तो अनुभव पांगला. त्याच धावपट्टीवरून तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडाले, मारुतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्यासाठी बेंगळुरूतच आखलेले कावेरी इंजिन त्यात बसू शकले नाही. तेजस आजही अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर उडते.