जीवाणू आणि अंडाशयाचा कर्करोग

अंडाशयाच्या कर्करोगाच्या निर्मितीत जीवाणूंचा वाटा असू शकतो, हा वैद्यकशास्त्रातील संशोधनाधीन विचार आहे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. अंडाशयाच्या बाबतीत मात्र कोणत्याही जीवाणूचे कारकत्व सिद्ध झालेले नाही.

संभाव्य प्रक्रिया

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आणि परम्याचे जीवाणू योनिमार्गातून गर्भाशयावाटे बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतात व तेथे दीर्घकाळ दाह निर्माण करू शकतात. दाहाच्या जागी पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा होते. झीज भरून काढताना पेशी वारंवार विभागतात आणि जनुकीय दोष साचत जातात. या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार बहुधा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, असे आता मानले जात असल्याने या विचाराला बळ मिळाले.

पुरावे व मर्यादा

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलंड व अमेरिकेतील अभ्यासांत क्लॅमिडियाविरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. त्याच वर्षीच्या एका युरोपीय अभ्यासात पन्नाशीच्या आतील रुग्णांच्या गर्भाशयमुख व योनिमार्गात उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जीवाणूंचे प्रमाण अनेकदा कमी दिसले. मात्र हे केवळ सहसंबंध आहेत. कर्करोगामुळेच जीवाणूंची रचना बदलत असण्याची शक्यताही उरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यांतील सुमारे निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

कारण कळल्याने काय साधते, याचे उदाहरण मराठवाड्यात मिळते. गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात या विषाणूची एकच चाचणी उपलब्ध केलेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये दिसून आले. अंडाशयाच्या कर्करोगासाठी सर्वसामान्य स्त्रियांना उपयोगी पडेल अशी चाचणी उपलब्ध नाही. प्रतिजैविकांनी तो टळतो, असेही सिद्ध झालेले नाही. तथापि वंध्यत्व व जुनाट ओटीपोटदुखी टाळण्यासाठी जननमार्गाच्या संसर्गावर वेळीच उपचार आवश्यक ठरतात.