पाण्याखालचा कॅमेरा : पहिले भांडवल कशात घालावे?

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता माझा भाचा मालवणहून रत्नागिरीला माझ्या कापडाच्या दुकानात आला. त्याच्या हातात एक कोटेशन होते. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटक येतात आणि पाण्याखालचा आपला फोटो मागतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. भाच्याने डायव्हिंगचे रीतसर शिक्षण घेतले होते व तो तेथे एका बोटीवर कामाला होता. तो म्हणाला, "मामू, अम्मी बांगड्या मोडायला तयार आहे. कमी पडतील तेवढे तुम्ही उसने द्या."

कोटेशनमध्ये मोठा मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स, दोन फ्लॅश आणि कॅमेरा पाण्यात नेण्याची अ‍ॅल्युमिनियमची पेटी, म्हणजे हाउसिंग, असा माल होता. कॅमेऱ्यातले मला काही कळत नाही. पण यंत्र घेताना काय विचारावे हे तीस वर्षांच्या तिजारतीने शिकवले आहे. पेटीची किंमत कॅमेऱ्याहून जास्त होती. मी विचारले, "ही पेटी दुसऱ्या कॅमेऱ्याला बसेल?" तो म्हणाला, "नाही मामू, याच मॉडेलला." म्हणजे कॅमेरा बिघडला आणि ते मॉडेल बंद झालेले असले, तर पेटीही भंगारात. असा सौदा नवशिक्याने करू नये, असे मी त्याला सांगितले. त्यानंतर आम्ही दोघांनी जी चौकशी केली ती या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

लाल रंग कोठे जातो?

भाच्याने एक फोटो दाखवला. लाल बनियन घातलेला माणूस पाण्याखाली, पण बनियन काळपट तपकिरी. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली साडी पसंत करत नाही, ती दारात उन्हात नेऊन पाहते. गोष्ट तीच आहे. पाणी प्रकाशातला लाल भाग आधी गिळते. सुमारे 5 मीटरवरच लाल फिका पडतो. आणखी खाली नारिंगी, मग पिवळा जातो आणि शेवटी निळा-हिरवाच उरतो. कॅमेरा कितीही महाग असो, जो रंग तेथे पोहोचलाच नाही तो टिपणार कसा? म्हणून स्वतःचा उजेड खाली न्यावा लागतो. कॅमेऱ्यावर खर्च कमी करून तो पैसा चांगल्या व्हिडिओ लाइटसाठी ठेवावा. उथळ पाण्यात व्हाइट बॅलन्स हाताने लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरी अडचण गढूळपणाची. मालवणचे पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नसते. लाइट कॅमेऱ्याला चिकटून समोर धरला तर पाण्यातला कण न् कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे दिसते. लाइट दांडीवर बाजूला धरावा. शिवाय आपण आणि माणूस यांच्यामध्ये पाणी जितके कमी तितका फोटो स्वच्छ. म्हणून जवळ जावे. आणि जवळूनही पूर्ण माणूस यावा म्हणून लेन्स रुंद कोनाची असावी. लांबचे ओढून आणणारी झूम येथे निरुपयोगी आहे.

नवशिक्यापुढचे दोन रस्ते

पहिला रस्ता अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा. गोप्रो हिरो 13 सारखा कॅमेरा उघडाच 10 मीटरपर्यंत चालतो व त्याच्या डायव्हिंगच्या पेटीत 60 मीटरपर्यंत. कोन रुंद, व्हिडिओ चांगला. पर्यटकांच्या कामाला हा पुरतो.

दुसरा रस्ता छोट्या मजबूत कॅमेऱ्याचा. 2019 चा ऑलिम्पस टीजी-6 किंवा 2023 चा ओएम सिस्टम टीजी-7 हे पेटीविना 15 मीटरपर्यंत आणि पेटीत 45 मीटरपर्यंत जातात. दोघांना एकच पेटी चालते, ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट. लहान मासे, शंख-शिंपले अगदी जवळून टिपायचे तर हाच बरा.

डायव्हिंगच्या पहिल्या, म्हणजे ओपन वॉटर, प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंतच उतरता येते. मग त्याहून फार खोलची ताकद विकत घेऊन ठेवण्यात काय फायदा? मात्र "15 मीटर" लिहिलेला कॅमेरा रोज 14 मीटरवर नेऊ नये. पेटी वापरावी. दर 10 मीटरला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो आणि तो थोडीही फट सोडत नाही.

एका धाग्याची किंमत

पेटीचा सगळा जीव एका रबरी कड्यात, ओ-रिंगमध्ये असतो. भाच्याने अखेर अ‍ॅक्शन कॅमेरा, पेटी आणि एक लाइट घेतला. माल माझ्या दुकानातच उघडला. कॅमेरा न घालता, आत कागदी रुमाल ठेवून पेटी बादलीत बुडवली. अर्ध्या तासाने रुमाल ओला! पाहतो तो कड्यावर सुताचा एक धागा. कापडाच्या ठाणाशेजारी पेटी उघडली, ही चूक माझी. तोच धागा समुद्रात नडला असता तर पहिल्याच दिवशी भांडवल पाण्यात गेले असते.

तेव्हापासूनचा नियम असा : पेटी स्वच्छ जागी उघडावी, कडे बोटाने तपासावे, कंपनी सांगेल तेच ग्रीस अगदी थोडे लावावे, जादा कडे जवळ ठेवावे. आत सिलिका जेलची पुडी टाकावी, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. काम संपल्यावर पेटी न उघडता गोड्या पाण्यात भिजत ठेवावी आणि बटणे दाबून खार काढावा. वॉरंटीचा कागदही नीट वाचावा. पाणी शिरले तर भरपाई आहे की नाही, हे घेण्याआधीच विचारावे.

हिशेब आणि जबाबदारी

पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. हप्ता मात्र बंद नसतो. म्हणून एका हंगामाच्या कमाईत फिटेल एवढेच सामान घ्यावे. मोठा कॅमेरा पुढे कमाईतून येईल.

दुसरे, जो पर्यटकाचा हात धरून त्याला खाली नेतो त्याने फोटो काढू नये. पाहुण्याचा जीव त्याच्या हातात असतो. फोटोवाला वेगळा असावा, आणि त्याला पाण्यात तोल सांभाळून स्थिर राहता आले पाहिजे. फोटोसाठी प्रवाळाला धरणे किंवा तोडणे हुनर नव्हे. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय ज्या दर्यावर पोट आहे तो बिघडवून बरकत कशी येईल?

भाच्याचे उसने पैसे पहिल्या हंगामात फिटले. मोठा कॅमेरा त्याने अजून घेतलेला नाही, आणि बहिणीच्या बांगड्या तिच्या हातातच आहेत.