कुंडीवेडे? तुम्ही त्यातलेच!

ऑफिसच्या कॅन्टीनमधला चहाचा चोथा डब्यात भरून घरी नेताय? मग बॉस, केस हाताबाहेर गेलीय! सुरुवात साधी असते. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन ‘सहज’ बघायला जायचं आणि रिक्षात मांडीवर तीन कुंड्या घेऊन परतायचं. मग आंबट ताक कढीपत्त्यासाठी राखीव होतं. (आईने कढीला मागितलं, तर तुमच्या कपाळावर आठ्या!) ब्रह्मकमळाची कळी फुगली की रात्रीचा पिक्चर कॅन्सल. ते रात्रीच उमलतं आणि सकाळी मान टाकतं ना!

इथवर ठीक. खरी गोची पाण्याची. येता-जाता प्रेमाने झारी रिकामी करणारेच झाडाचे वैरी ठरतात. कुंडीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं मरगळतात. आणि मरगळलेलं पान बघून आपण काय करतो? अजून एक मग!

त्यापेक्षा दोन पेरं बोट मातीत खुपसून बघा. ओलं लागलं तर झारी मुकाट खाली ठेवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडेही वाचतील.