नेमबाजाची निवड : रिव्हॉल्व्हर कीं पिस्तूल ?

दादर-परळकडच्या एखाद्या महाविद्यालयांतील मुलगी राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिराहून परतते, पिशवींतून भोंकें पडलेला एक पुठ्ठा काढून भिंतीला टांचते, आणि आठ दिवसांनीं आईबापांपुढें प्रश्न टाकते कीं, "मला स्वतःचें शस्त्र हवें. कोणतें रिव्हॉल्व्हर चांगलें ?" त्या दिवशीं घरांत जेवण शांतपणें होत नाहीं. आजीच्या मनांत येतें, घरांत हत्यार आलें. वडिलांच्या मनांत येतें, घरांत खर्च आला. दोघांचीहि भीति निराधार नाहीं. परंतु त्या दोन्ही भीतींचा निकाल ज्यावर अवलंबून आहे, तो मुलीचा मूळ प्रश्न मात्र बहुधा बाजूलाच राहतो.

असा प्रश्न मुंबईंतील घरांना अगदींच नवा नाहीं. दादरच्या कीर्ति महाविद्यालयांतून छात्रसेनेच्या वाटेनें वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर गेलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजेच पुढच्या अंजली भागवत, यांनीं १९८८ मध्यें नेमबाजीस आरंभ केला आणि २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठली. त्यांचें शस्त्र रायफल. रायफल खांद्याला टेकते, तिला दोन हातांचा आधार मिळतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर एकाच हातानें, कोपर ताठ ठेवून, हवेंत धरावें लागतें. म्हणून येथें निवडींतली चूक लवकर अंगाशीं येते.

पहिली गोष्ट अशी कीं, संरक्षणाचें रिव्हॉल्व्हर निराळें आणि नेमाचें निराळें. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ मध्यें स्त्रियांसाठीं म्हणून 'निर्भीक' नांवाचें ३२ बोराचें रिव्हॉल्व्हर काढलें. तें सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें, आंखूड नळीचें, पर्समध्यें मावावें असें आहे. तें ज्या कामासाठीं केलें त्या कामासाठीं हे गुणच आहेत. कागदाच्या लक्ष्यासमोर मात्र तेच दोष ठरतात. कसे, तें थोडा हिशोब केल्यास कळतें.

शस्त्राच्या नळीवर पुढें एक लहान उभा खुंट असतो, त्याला माशी म्हणतात. मागें एक चौकोनी खांच असते. खांचेच्या बरोबर मधोमध माशी दिसावी, दोहों बाजूंस सारखाच उजेड राहावा आणि दोहोंचे माथे एका रेषेंत यावे, हा नेम. स्पर्धेच्या नियमाप्रमाणें पंचवीस मीटरच्या पिस्तुलांत खांच आणि माशी यांमधील अंतर जास्तींत जास्त २२० मिलिमीटर असूं शकतें. समजा, माशी खांचेंत एक मिलिमीटर बाजूला सरकली. पंचवीस मीटर म्हणजे २५,००० मिलिमीटर. त्यास २२० नें भागावें. गोळी ११४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें साडेअकरा सेंटिमीटर, बाजूला जाईल. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास पन्नास मिलिमीटर आणि पुढचें प्रत्येक वलय पंचवीस मिलिमीटरांचें. तेव्हां हा नेम सहाच्या वलयांत जाऊन पडला. आतां हेंच अंतर निम्में, म्हणजे ११० मिलिमीटर, करा. तेवढ्याच चुकीला गोळी पावणेतेवीस सेंटिमीटर सरकेल आणि पदरीं एखाद-दुसराच गुण येईल. उलट, नेम सरळ राहून सबंध हातच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीहि एकच मिलिमीटर सरकते. नवशिका हाताच्या कांपण्यानें घाबरतो. वास्तविक त्यानें घाबरावें तें माशीच्या सरकण्याला. डोळाहि लक्ष्यावर नव्हे, माशीवरच ठेवावयाचा असतो. लक्ष्य अंधुक दिसलें तरी चालतें, किंबहुना तसेंच दिसावें.

मग नेमाचें म्हणून जें रिव्हॉल्व्हर मिळतें, ज्याची नळी लांब, खांच मागेपुढें व खालींवर करतां येणारी आणि मूठ लांकडाची असते, तें घ्यावें काय ? याचें उत्तर कोणत्या स्पर्धेंत उतरावयाचें यावर आहे. रिव्हॉल्व्हरला आजहि सन्मानानें वावरतां येईल अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे पुरुषांची पंचवीस मीटर सेंटर-फायर. तींत ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचें शस्त्र चालतें. साठ गोळ्या, पैकीं तीस गोळ्या पांच-पांचच्या डावांनीं, दर डावास पांच मिनिटें, उरलेल्या तीस अशा कीं लक्ष्य तीन सेकंद समोर येतें आणि सात सेकंद तोंड फिरवतें. या सात सेकंदांत हात खालीं आणून अंगठ्यानें घोडा मागें ओढण्यास पुरेसा अवधि मिळतो, म्हणूनच येथें रिव्हॉल्व्हर टिकून राहिलें. महाराष्ट्राला ही स्पर्धा आपलीशी वाटावी असें कारणहि आहे. १९९० च्या ऑकलंड येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत अशोक पंडित यांनीं सेंटर-फायरचें सुवर्णपदक मिळविलें. १९९४ मध्यें व्हिक्टोरिया येथें जसपाल राणा यांच्या जोडीनें त्यांनीं सांघिक सुवर्ण आणलें. त्याच वर्षीं हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेंत राणांनीं याच प्रकारांत सुवर्ण घेतलें, आणि २००६ मध्यें दोहा येथें ६०० पैकीं ५९० गुण करून त्या वेळच्या जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली.

असें असलें तरी आज या स्पर्धेंत बहुतेकांच्या हातीं आपोआप भरणारें पिस्तूल दिसतें, रिव्हॉल्व्हर क्वचित्. कारणें यंत्रांतलीं आहेत. रिव्हॉल्व्हरची चक्री फिरते तेव्हां तिचें प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर यावें लागतें. सहा घरांपैकीं एखादें केसभर चुकलेलें असतेंच. चोखंदळ नेमबाज तें घर हुडकून काढतो, त्यावर खूण करतो आणि पांच गोळ्यांच्या डावांत तेंच रिकामें ठेवतो. दुसरें असें कीं, रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असते. गोळी सुटतांच तिचें तोंड उसळतें आणि मनगटाला झटका बसतो. पिस्तुलाची नळी हाताच्या अगदीं जवळ आणतां येते, म्हणून तें लवकर पूर्ववत् होतें. शिवाय घोडा न चढवतां नुसता चाप ओढला तर रिव्हॉल्व्हरला कित्येक किलोंचा जोर लागतो. घोडा आधीं चढवला तर चाप हलका होतो, पण अंगठ्यानें चढवतांना मुठीवरची पकड ढळते, आणि एकदां ढळलेली पकड तीन सेकंदांत पुन्हां बसत नाहीं. स्पर्धेंत पिस्तुलाच्या चापाला निदान एक किलोचें वजन पेलावें लागतें. चापाला वजन टांगून तें तपासतात आणि हलका निघाला तर शस्त्र बाद होतें. एकूण शस्त्र चौदाशें ग्रॅमांच्या आंत आणि नळी १५३ मिलिमीटरांच्या आंत असावी लागते. दुकानांत चाप हलका वाटला म्हणून जो भुलतो, त्याला तपासणीच्या टेबलावर जाग येते.

एवढें सांगितल्यावर रिव्हॉल्व्हरचा एक गुण सांगितला नाहीं तर त्याच्यावर अन्याय होईल. तो गुण शिक्षकाचा आहे. नेमबाजाचा मोठा शत्रु म्हणजे दचक. गोळी सुटणार, आवाज होणार, हें मनाला कळतें आणि सुटण्याच्या क्षणापूर्वींच मनगट खालीं दबतें. आवाज आणि धक्का यांच्या गर्दींत ही चूक शिकणाऱ्याला दिसत नाहीं. तो पिस्तुलाला दोष देतो आणि दुसरें पिस्तूल शोधूं लागतो. अशा वेळीं शिकविणारा काय करतो ? चक्रींत दोन-तीन जिवंत काडतुसें आणि बाकीचीं झडलेलीं रिकामीं टरफलें भरतो, चक्री फिरवून बंद करतो आणि शस्त्र शिष्याच्या हातीं देतो. कोणतें घर नळीसमोर येईल हें शिष्याला ठाऊक नसतें. घोडा रिकाम्या टरफलावर पडतो, आवाज नाहीं, धक्का नाहीं. तरी नळीचें तोंड बोटभर खालीं गेलेलें सगळ्यांना दिसतें. मैदानाच्या रेषेवर, शिक्षकाच्या देखरेखीखालींच करण्याचा हा पाठ आहे. दहा व्याख्यानांनीं जें पटत नाहीं, तें या एका टक् आवाजानें पटतें. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाला हा पाठ इतक्या सहज देतां येत नाहीं.

तेव्हां रिव्हॉल्व्हर हाताळावें, त्यावर शिकावें, पण पहिलें शस्त्र म्हणून विकत घेऊं नये. पहिलें शस्त्र हवेचें पिस्तूल असावें. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलांच्या आंतल्या हवेच्या पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें परवाना लागत नाहीं. छरा स्वस्त, धक्का जवळजवळ नाहीं, आणि दहा मीटरवरील लक्ष्याचें दहाचें वर्तुळ अवघें साडेअकरा मिलिमीटरांचें असल्यानें लहानसहान चूक लपत नाहीं. गिरगांव चौपाटीवर फुगे फोडणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीचें हें भावंड नव्हे, एवढें आजीला सांगावें; त्या बंदुकीची माशी बहुधा वांकडी असते आणि फुगा फुटला तर श्रेय नशिबाला जातें. त्यानंतर २२ बोराचें पिस्तूल. स्त्रियांची पंचवीस मीटरची ऑलिंपिक स्पर्धा याच बोरावर होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ मध्यें चांगवोन येथें विश्वचषकाचें सुवर्ण घेतलें तें याच प्रकारांत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत पालेमबांग येथें थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशीं बरोबरी झाल्यावर दोनदां जादा गोळ्या झाडून त्यांनीं सुवर्ण जिंकलें, तेंहि याच प्रकारांत. ३२ बोर तिसरा. आणि त्यांत सपाट तोंडाची गोळी वापरतात, कारण टोंकदार गोळी कागद फाडते, सपाट गोळी पंचिंगच्या यंत्रासारखें स्वच्छ गोल भोंक पाडते आणि गुणांचा वाद उरत नाहीं.

कंपनीच्या नांवावर फार रात्री जागूं नये. वॉल्थर, पार्दिनी, मोरिनी, स्टायर हीं नांवें मैदानावर ऐकूं येतात आणि हीं सारीं शस्त्रें नवशिक्याच्या हातापेक्षां कितीतरी पटींनीं अचूक असतात. निवडावयाची असते ती मूठ. डोळे मिटून हात वर करावा, मग डोळे उघडावे. माशी आपोआप खांचेंत बसलेली दिसली तर मूठ हाताची आहे. ती डावीकडे दिसली किंवा खालीं बुडाली तर मूठ परकी आहे, मग शस्त्र कितीहि नामांकित असो. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्यें हातबाँबनें निकामी झाला. त्यांनीं डाव्या हातानें पुन्हां पहिल्यापासून शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें जलद नेमबाजीचें सुवर्ण घेतलें. उलट, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तुर्कस्तानचे युसूफ दिकेच यांनीं साधा चष्मा लावून, एक हात खिशांत घालून रौप्य मिळविलें, तेव्हां जगाला मोठें नवल वाटलें. खिशांतल्या हाताचें नवल वाटण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो, म्हणून पिस्तुलाचे बहुतेक नेमबाज तो खिशांत किंवा पट्ट्यांत अडकवितात.

आतां वडिलांचा खर्च आणि आजीची भीति. स्पर्धेचें परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढें जातें, आणि काडतुसांचा खर्च कधीं संपत नाहीं. यासाठीं पहिलीं एकदोन वर्षें संस्थेच्याच शस्त्रावर काढणें शहाणपणाचें. त्या काळांत हात कोणत्या प्रकाराकडे वळतो तें कळतें, आणि कित्येकांची हौस तेवढ्यांत फिटतेहि. ती संस्थेच्या पिस्तुलावर फिटलेली बरी. २२ किंवा ३२ बोरासाठीं मुंबईंत पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो आणि एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तो सहसा मिळत नाहीं. निवडणुका आल्या कीं परवान्याचीं शस्त्रें जमा करण्याचा हुकूम निघतो. खेळाडूंना त्यांतून बहुधा सूट मिळते, पण कागद हाताशीं तयार ठेवावे लागतात. लालबागच्या दोन खोल्यांत शस्त्र ठेवावयाचें तर लोखंडी कपाट भिंतीला बोल्टानें जखडलेलें असावें, काडतुसें दुसऱ्या कुलपांत आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यांत नकोत. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं तें कधींहि बाहेर काढूं नये. या बाबतींत आजीचें ऐकावें.

घरचा अभ्यास मात्र होऊं शकतो. शस्त्र रिकामें आहे हें दोनदां पाहून, काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलपांत ठेवून, जिच्या मागें कोणी राहत नाहीं अशा कोऱ्या भिंतीसमोर उभें राहावें आणि चाप ओढतांना माशी हलते का तेवढें पाहावें. भिंतीवर लक्ष्य चिकटवूं नये. तें असलें कीं डोळा माशी सोडून तिकडे धांवतो. रोज वीस मिनिटें पुरतात.

शेवटीं शस्त्र घेण्याची वेळ आलीच, तर निवृत्त होणाऱ्या एखाद्या नेमबाजाचें जुनें पिस्तूल परवान्याच्या रीतीनें घेणें पुष्कळदां किफायतशीर पडतें. नळी लवकर झिजत नाहीं. चापाच्या कमानी बदलून मिळतात. मूठ मात्र त्याच्या हातासाठीं वर्षानुवर्षें कानशीनें घासलेली, जागोजागीं लुकण भरून उंच केलेली असते. ती पहिल्या दिवशींच स्क्रू काढून उतरवावी लागते. बहुतेक जुने नेमबाज पिस्तूल देतात आणि ती मूठ परत मागून घेतात.